जुना स्पीकर भंगारात देण्याआधी…
घराच्या माळ्यावर जुने स्पीकर पडलेत? आधी जाळी काढून बघा. कोनाभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होतेय? घाबरू नका, १५-२० वर्षांत फोम कुजतोच. 🔊

१. मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ओहम दिसले, तर कॉइल तुटलेली नाही.
२. जुना फोम आणि गोंद स्पिरिटने हळूच काढा.
३. मापाची नवी कड आधी कोनाला, मग फ्रेमला चिकटवा. गोंद ओला असतानाच कोन बोटांनी आत-बाहेर करा. खरखर आली तर कॉइल घासतेय, कोन मध्यावर आणा.
४. क्रॉसओव्हरमधल्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरऐवजी तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे घाला.

मूळची कड फोमची असेल तर फोमचीच लावा. जड रबराने बास बदलतो.