बारावीचा निरोप, बालाघाट

वैनगंगेकाठचे बालाघाट हे 1867 मध्ये निर्माण झालेल्या जिल्ह्याचे ठाणे. जुन्या मध्यप्रांताच्या अमदानीत त्याचा कारभार नागपूरच्या दप्तरातून चाले, परंतु 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने नागपूर-भंडारा मुंबई राज्याकडे सोपविले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे येथील राज्य-मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या, घरी मराठी वा पोवारी बोलणाऱ्या मुलामुलींच्याही बारावीच्या गुणपत्रिकेवर भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडलाची मोहोर असते.

परीक्षेपूर्वी अकरावीचा वर्ग बारावीला निरोप देतो: कपाळी टिळा, हाती पेन, प्राचार्यांचे प्रदीर्घ भाषण (ते कोणी ऐकत नाही, हे प्राचार्यांसही विदित असते), आणि अखेरीस गणवेशाच्या पाठीवर सहाध्यायांनी निळ्या शाईत केलेल्या, कितीही धुतल्या तरी पुरत्या न जाणाऱ्या स्वाक्षऱ्या. गतवर्षांचे सिंहावलोकन करताना भूगोलातले मलाजखंडचे तांबे वा भरवेलीचे मँगनीज कोणास स्मरत नाही. स्मरतात त्या शिक्षा, टोपणनावे आणि मधल्या सुट्टीतली भांडणे, आणि ते योग्यच म्हणावे.

पुढे कोणी जबलपूर गाठतो, कोणी गोंदियामार्गे नागपूर. या दोन्ही दिशांना जाणारा सातपुड्यातला जुना नॅरोगेज लोहमार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे.