विमान संग्रहालयात फोटो काढायचेत? वाइड अँगल लेन्स घेण्याआधी हे गणित मांडा

उरणसमोर, मुंबई बंदरात 'आयएनएस विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका २००१पासून संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्यावर सी हॉक, अलिझे यांसारखी नौदलाची जुनी विमाने जवळून पाहता येत. २०१२मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते संग्रहालय बंद झाले आणि २०१४मध्ये नौका भंगारात निघाली. आता त्या भेटींची आठवण म्हणजे लोकांनी तेव्हा काढलेले फोटो. पण बंदिस्त जागेत विमानाचा फोटो काढताना हमखास एक अडचण येते. नाक चौकटीत घ्यावे तर शेपूट सुटते आणि मागे सरकावे तर पाठ भिंतीला लागते. त्यासाठी वाइड अँगल लेन्स लागते. ती किती 'वाइड' असावी, हे समजून घेऊ.

जागेचे गणित काय?

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. विमानाच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने गुणायचे आणि ३६ने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे तुम्हाला विमानापासून किती दूर उभे राहावे लागेल, ते अंतर. सी हॉक सुमारे १२ मीटर लांब आहे. ते बाजूने पूर्ण टिपायचे तर २४ मिमी लेन्सला ८ मीटर अंतर लागते, १६ मिमीला साधारण साडेपाच मीटर. कडेला थोडी मोकळी जागा हवी असेल तर त्यात आणखी मीटरभर धरा.

माझ्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स?

सुरुवातीच्या किमतीतील बहुतेक डीएसएलआर आणि अनेक मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, म्हणजे 'क्रॉप' असतो. तिथे आकडा दीड पटीने वाढवून वाचावा (कॅननसाठी १.६ पट). म्हणजे सोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स प्रत्यक्षात २७ मिमीपासूनच सुरू होते. हँगरमध्ये ती तोकडी पडते. अशा डीएसएलआरसाठी कॅननची १०-१८ मिमी किंवा निकॉनची १०-२० मिमी हे आटोपशीर पर्याय आहेत. दोन्हींत हाताची थरथर सावरणारी यंत्रणा आहे. फुल फ्रेमसाठी १६-३५ मिमी एफ/४ पुरेशी ठरते.

मग सर्वांत वाइड लेन्सच का घेऊ नये?

कारण खूप जवळून काढलेल्या फोटोत जे जवळ ते अवाढव्य आणि जे दूर ते चिमुकले दिसते. विमानाचे नाक फुगते, शेपूट आक्रसते आणि चौकटीच्या कोपऱ्यातले चाक अंड्यासारखे ताणले जाते. म्हणून नियम सोपा आहे. आधी मिळेल तितके मागे जा, मग विमान मावेल इतकेच वाइड करा. कॅमेरा वर कलवू नका. तो सरळ धरला नाही, तर हँगरचे खांब आतल्या बाजूला झुकलेले दिसतात.

उजेड कमी असेल तर?

विमान जागचे हलत नाही, हा मोठा फायदा. त्यामुळे महागड्या एफ/२.८ लेन्सचा हट्ट नको. श्वास रोखून, कोपर अंगाशी धरून वाइड लेन्सवर १/१५ सेकंदालाही स्पष्ट फोटो येतो. फुल फ्रेमवर १६ मिमी, एफ/४ असताना साधारण दोन मीटरवर फोकस केला, तर एक मीटरपासून पुढचे जवळपास सगळे स्पष्ट दिसते. ट्रायपॉड नेण्यापूर्वी परवानगी विचारा.

फक्त मोबाइल असेल तर?

बहुतेक फोनमधला '०.५ एक्स' कॅमेरा सुमारे १३ मिमीचा असतो. सी हॉकएवढे विमान त्यात साडेचार मीटरवरून मावते. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर सहसा लहान असतो, त्यामुळे अंधारात फोटो पिठूळ येतो. जागा असेल तर '१ एक्स'च वापरा, नसेल तर 'नाइट मोड' लावून फोन कठड्यावर टेकवा.

आता जायचे कुठे?

गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात बहुतेक विमाने उघड्यावर आहेत. मागे सरकायला जागा मिळते, त्यामुळे तिथे नेहमीची लेन्स चालते. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात मात्र जुनी विमाने हँगरमध्ये एकमेकांना खेटून उभी आहेत. वाइड लेन्सचा खरा उपयोग तिथे होतो.

सराव घराजवळच

लेन्स विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने घ्या आणि उरण तालुक्यातलेच घारापुरी गाठा. मंद उजेड, खांबांच्या सरळ रांगा आणि सुमारे २० फूट उंचीची त्रिमूर्ती. लेन्सची आणि हाताची परीक्षा तिथेच होते. फक्त सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा.