डहाणूच्या मुलांची उंची आणि सरकारची मोजपट्टी

डहाणू रोड स्थानकाच्या फलाटावर सकाळी शाळेस निघालेली मुले पाहिली, म्हणजे बाजारपेठेतला मुलगा कोणता आणि डोंगरकडेच्या पाड्यावरचा कोणता, हे पुष्कळदा नुसत्या उंचीवरूनच ओळखता येते. दोघेही पंधरा वर्षांचे. परंतु एकाचे डोके दुसऱ्याच्या कानाशी येते. 'वारल्यांची जातच मुळी ठेंगणी' एवढे म्हणून या दृश्याचा निकाल लावणारे सद्गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. आमच्या वकिली धंद्याच्या भाषेत सांगावयाचे, तर हा पुराव्यावाचून दिलेला निकाल होय.

एकाच वस्तीतील दोघा सुपोषित मुलांच्या उंचीतला फरक बहुतांशी आईबापांकडून येतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण सबंध समाजाची उंची ही निराळी गोष्ट आहे. आज जगात सर्वांत उंच गणल्या जाणाऱ्या डच लोकांचे सैन्यभरतीतील तरुण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरासरी सुमारे १६५ सेंटिमीटरच होते. दक्षिण कोरियातील १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांहून १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने उंच निघाल्या. शंभर वर्षांत रक्त बदलत नाही. बदलले ते ताट. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोनशे देशांचा ताळा प्रसिद्ध झाला. त्यात बांगलादेश व ग्वाटेमाला येथील एकोणीस वर्षांची मुलगी नेदरलंड्समधील अकरा वर्षांच्या मुलीएवढीच भरली!

आता आपल्या तालुक्याकडे वळू. घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाड्यांत राबणाऱ्यांच्या घरी मात्र भाताबरोबर डाळ रोज शिजतेच असे नाही. दिवाळी सरली की डहाणू-तलासरीची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलांची शाळा व शाळेतले जेवण दोन्ही मागे राहतात. १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा दिला आणि वेठ मोडली. भूक मात्र मागे राहिली. आई अर्धपोटी, म्हणून मूल जन्मतःच हलके. आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे सहसा पुरती भरून निघत नाही.

तरीही वयात येताना शरीर एकवार झपाट्याने वाढते. सामान्यतः मुलींचे बाराव्या, मुलांचे चौदाव्या वर्षाच्या सुमारास. कुपोषित मुलांत हाच काळ लांबतो. आणि आमचा मुख्य आक्षेप नेमका येथेच आहे. शाळेतील माध्यान्ह भोजन आठवीस थांबते. किशोरी मुलींसाठी केंद्राची जी आहारयोजना आहे, ती २०२१ च्या फेररचनेत ईशान्येखेरीज केवळ 'आकांक्षित' जिल्ह्यांतील चौदा ते अठरा वयाच्या मुलींपुरती ठेविली. महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे ते जिल्हे. २०१४ साली ठाण्यातून निघालेला पालघर त्यांत नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्यांस जेवण मिळते, हे खरे. घरून पायी येणाऱ्या नववीतल्या मुलाने काय करावे? ज्याची वाढ उशिरा सुरू होते, त्याचेच ताट आधी उचलावयाचे, हा कोणत्या शहाण्याचा हिशेब?

पुढे हाच मुलगा केंद्रीय राखीव दलाच्या भरतीस उभा राहिला, म्हणजे सरकार मोठ्या उदारपणे त्यास सवलत देते: सर्वसाधारण उमेदवारास १७० सेंटिमीटर, अनुसूचित जमातीच्या उमेदवारास १६२.५. ही सवलत कोणी काढू म्हणेल, तर आम्ही तिच्या बाजूने उभे राहू. परंतु भरतीच्या मैदानावर साडेसात सेंटिमीटर माफ करणाऱ्या सरकारास ते कोठे हरवले, हे विचारण्याचा अधिकार प्रजेस आहे. (ठेंगणेपणा हा दोष आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोष उपाशी ठेवण्यात आहे.)

म्हणून आमची मागणी दोन ओळींची आहे. डहाणू व तलासरी तालुक्यांतील नववी-दहावीच्या वर्गांस, निवासी असोत वा नसोत, शाळेत जेवण द्यावे; आणि जिल्हा परिषदेने पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलामुलीची उंची जूनमध्ये व दिवाळीपूर्वी मोजून, कोणाचेही नाव न देता, गाववार आकडे ग्रामसभेपुढे मांडावेत. लागणारी मोजपट्टी काही रुपयांत मिळते.