कोऱ्या पावतीवरची सही

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या अमदानीत बडोद्याचे दरबारी गवई-वादक ‘कलावंत कारखान्या’कडे नोंदलेले असत. त्यांच्या हजेरीचे आणि रजेचे लेखी नियम असत. 1949 साली संस्थान विलीन झाले. राजाश्रयाच्या जागी सरकारी अनुदान आले आणि ते खर्च करणारी नोंदणीकृत संस्था मध्ये उभी राहिली. पैसा मात्र पूर्वीही रयतेचा होता आणि आजही तिचाच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेच्या महोत्सवात मी संवादिनीच्या साथीला बसलो होतो. मैफल संपल्यावर चिटणिसांनी पाकीट हाती ठेवले व पावती पुढे केली. रकमेची जागा कोरी होती. “बुवा, आकडा मागाहून भरतो,” ते म्हणाले. मी सही केली, तबलजींनीही केली. तो आकडा पुढे किती झाला, हे आम्हांला कधीच कळले नाही. दोष त्यांचा खरा, पण सही माझी होती.

नियम नाहीत, असे नाही. सार्वजनिक न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. केंद्राचे अनुदान घेणाऱ्या संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे, असे 2017 चे वित्तीय नियम सांगतात. अनुदान किमान 25 लाख रुपये असून एकूण खर्चाच्या 75 टक्क्यांहून कमी नसेल, तर महालेखापरीक्षकांनाही तपासणी करता येते. सरकारी पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या खासगी संस्थांनाही 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केले.

परंतु तपासनीस कागद पाहतो, आणि मागाहून भरलेला आकडा कागदावर खराच दिसतो. त्याचा खोटेपणा ओळखू शकेल असा माणूस एकच: ज्याने पाकीट घेतले तो. त्याच्यापर्यंत मात्र हिशेब कधी पोहोचतच नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अनुदान किती मिळाले, कोणाला काय मानधन दिले, सभागृहाचे भाडे किती झाले, याचा तक्ता महोत्सवानंतर संस्थेच्या दाराशी लावावा. तबलजी आपल्या नावापुढचा आकडा स्वतः वाचील. पदरमोड करून संस्था चालविणारे प्रामाणिक कार्यकर्तेही आहेत. विनाकारण संशयाखाली वावरणाऱ्या त्या मंडळींना तर हा तक्ता आधारच वाटेल.

आणि आम्ही कलावंतांनी? आकडा भरल्याशिवाय सही करू नये. मी आता करीत नाही. त्यापायी दोन ठिकाणची बोलावणी बंद झाली. पण शिष्यांना तालाचा हिशेब शिकविताना आता मान खाली जात नाही.