विधवेस फाशी, पुरुष मोकळा

सन १८८१. विजयालक्ष्मी नामक तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल सुरतेच्या न्यायालयाने फाशी सुनावली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने तीऐवजी जन्मठेप काळे पाणी दिले. पुढे सरकारने शिक्षा पाच वर्षांवर आणली.

आणि त्या अर्भकाचा पिता? १८६० च्या दंडसंहितेतील ४९७ व्या कलमान्वये परस्त्रीगमन करणाऱ्या पुरुषास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शके. स्त्री साहाय्यक म्हणूनही दंडास पात्र नसे. वरवर पाहता ही स्त्रीजातीवर मेहेरबानीच! परंतु अपराध मानला जाई तो पतीच्या हक्काविरुद्ध. त्याची संमती असली की अपराधच उरत नसे. विधवेला पती कोठला? तेव्हा तिच्याशी संमतीने संबंध ठेवणारा या कलमाच्या कक्षेतच येत नव्हता. लोकापवादाचे भय आणि गळफास तेवढा तिच्या वाट्याला!

या प्रकरणावरून विधवांवर झालेल्या टीकेने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतप्त झाल्या. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकात त्यांनी पुनर्विवाहबंदीच्या रूढीसह समस्त पुरुषवर्गालाच जाब विचारला. कलम मात्र टिकले. स्त्रियांसाठी विशेष तरतुदीस राज्यघटनेची मुभा आहे, या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते वैध ठरविले. त्याच न्यायालयाने ते रद्द केले, ते सप्टेंबर २०१८ मध्ये.