दाभोळचा अंतःस्फोट

दाभोळच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला लागते. ‘दाभोळ वीज प्रकल्प’ म्हणून जगभर गाजलेला, एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा प्रकल्प दाभोळात नाहीच. तो पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरला. बदनामी मात्र दाभोळच्या वाट्याला आली.

विहीर खचते, भिंत ढासळते, दरड कोसळते. अंतःस्फोट यांहून वेगळा: बाहेरच्या दाबाने वस्तू स्वतःच्याच पोकळीत चेपली जाते. त्यासाठी इंग्रजीतला ‘इम्प्लोजन’ हा शब्द ‘एक्स्प्लोजन’च्या धर्तीवर घडवलेला, आणि त्या थोरल्या शब्दाची कुळकथा भलतीच नाटकी आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ टाळ्या पिटून नटाला रंगमंचावरून हुसकावणे!

१८७२ ते १८७६ या काळातल्या ‘चॅलेंजर’ सागरमोहिमेत बुकॅनन या रसायनशास्त्रज्ञाने काचेची बंद नळी फ्लॅनेलमध्ये गुंडाळून तांब्याच्या नळकांड्यात ठेवली आणि खोल समुद्रात सोडली. वर काढली तेव्हा काचेचा भुगा झाला होता आणि तांबं आत दबलं होतं. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो; नळी भरीव असती तर तिला काही झालं नसतं.

एन्रॉनचं असंच झालं. १९९५च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, निवडून आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने तो रद्दही केला आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर तो परत आणला. १९९९मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज उचला वा न उचला, राज्य वीज मंडळाने स्थिर आकार भरायचाच, असा करार. त्यात दर डॉलरशी बांधलेला. मंडळाला बिलं झेपेनात आणि मे २००१मध्ये प्रकल्प बंद पडला.

तिकडे ह्यूस्टनमध्ये, एन्रॉनच्या मुख्यालयात, खरी पोकळी होती. कर्ज संलग्न भागीदारी संस्थांच्या आडोशाला दडवून ताळेबंद गुटगुटीत दाखवला जात होता. ऑगस्ट २०००मध्ये ९० डॉलरवर गेलेला शेअर १ डॉलरखाली आला आणि २ डिसेंबर २००१ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दाभोळच्या धक्क्याने एन्रॉन बुडाली, असं म्हणणं म्हणजे आपल्या खाडीला फारच मोठेपणा देणं.

अंजनवेलची यंत्रं मात्र जागेवरच होती. २००५मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ स्थापन झाली आणि २००६मध्ये तिथून पुन्हा वीज निघाली.