वर्गाचे वेबपान आणि मराठी अक्षर

मराठी शाळांत हस्तलिखिताची परंपरा जुनी आहे. वर्गातील सुवाच्य अक्षराची दोन-तीन मुले हेरावयाची, बाकीच्यांकडून कविता, निबंध, कोडी गोळा करावयाची, चित्रकलेच्या शिक्षकांकडून मुखपृष्ठ करून घ्यावयाचे आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते एकुलते एक पुस्तक टेबलावर मांडावयाचे, अशी ती रीत. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी ह्या पट्ट्यातील शाळांतून शिकलेल्या आपणांपैकी पुष्कळांनी आपले पहिले लेखन अशा हस्तलिखितातच केले असेल. भित्तिपत्रक हा त्याचा धाकटा भाऊ. वर्गाचे वेबपान ही त्याच घराण्यातील आजची पिढी आहे, असे मानले म्हणजे त्याविषयी वाटणारे दडपण निम्मे उतरते.

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत असा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. मराठीच्या प्राध्यापकाने रस-अलंकार सोडून संगणकाच्या वाटेस का जावे, असा प्रश्नही कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की येथे मुख्य प्रश्न यंत्राचा नसून लिपीचा आहे, आणि लिपी हा आमच्या विषयाचाच प्रांत होय.

प्रथम वेबपान म्हणजे काय ते पाहू. मुळात ते साध्या मजकुराचे असते. त्या मजकुरात जागोजागी खुणा घातलेल्या असतात: हे शीर्षक, येथे परिच्छेद सुरू, येथे चित्र, येथून दुसऱ्या पानाकडे वाट. छापखान्याकडे मजकूर पाठविताना संपादक समासात पेन्सिलीने सूचना लिहीत असे, तसाच हा प्रकार. ह्या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. जाळ्यावरील पाने वाचण्याची आज्ञावली, म्हणजे ब्राउझर, त्या खुणा वाचून पान मांडून दाखविते. खुणा मात्र वाचकास दिसत नाहीत.

खुणा हाताने लिहिणे कठीण नाही. पण वर्गशिक्षकाला तेवढी सवड नसते. म्हणून दृश्य संपादनाची साधने निघाली. पान जसे दिसावयाचे तसेच ते पडद्यावर लिहावयाचे, खुणा साधन आपल्या आपण घालते. ही कल्पना नंतर सुचलेली नव्हे. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० साली जिनेव्हाजवळील सर्न ह्या संशोधन-संस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात वाचणे आणि लिहिणे दोन्ही एकाच खिडकीत होत असे. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांनी वाचन तेवढे ठेवले आणि लेखन गाळले. ते परत आणले फ्रंटपेजसारख्या साधनांनी. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि २००३ च्या आवृत्तीनंतर थांबविले. नेटस्केपचा कंपोझरही त्याच काळातला. त्याचा वंशज सीमंकी ह्या मोफत संचात आजही मिळतो. लिब्रेऑफिसमध्ये पत्र लिहावे तसे पान लिहून ते वेबपान म्हणून जतन करता येते; आणि गूगल साइट्समध्ये तर संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. साधने अशी येतात आणि जातात. जिओसिटीज ह्या एके काळच्या अफाट मोफत वसाहतीची दारे २००९ साली बंद झाली, तेव्हा तेथील असंख्य घरगुती पानांचे बिऱ्हाड मोडले. म्हणून कोणते साधन निवडावे ह्यापेक्षा त्या साधनाने पडद्यामागे काय लिहून ठेवले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

येथे मराठीची गोष्ट इंग्रजीहून वेगळी होते. दृश्य साधनाचे ब्रीद असे, की दिसते ते असते. मराठीपुरते हे ब्रीद दीर्घकाळ खोटे होते. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. इंग्रजीच्या 'ए'ला एक ठरलेला क्रमांक, 'बी'ला दुसरा. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे जे मराठी टंक प्रचारात होते, त्यांपैकी बहुतेकांनी एक तोड काढली होती: क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवावयाचा, त्यावर आकार तेवढा देवनागरीचा चढवावयाचा. हिंदीत अफाट चाललेल्या कृतिदेव ह्या टंकात रोमन 'डी'च्या घरात 'क' बसविलेला आहे. पडद्यावर 'क' दिसतो, छापूनही 'क' येतो. संगणकाच्या लेखी मात्र तेथे 'डी'च असतो. बहुरूप्याने राजाचा वेष घेतला म्हणून तलाठ्याच्या दप्तरातील त्याचे नाव बदलत नाही, तसे हे आहे.

छपाईपुरते हे सोंग चालून गेले. कागदावर एकदा शाई उतरली की क्रमांकाला कोण विचारतो? श्रीलिपी, आकृती, शिवाजी ह्या नावांच्या टंकांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु वेबपान दुसऱ्याच्या यंत्रावर उघडते. तेथे तो टंक नसला की वेष उतरतो, आणि कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा, स्वल्पविरामांचा आणि कंसांचा खच पडलेला दिसतो. अशा मजकुरात शोध घेता येत नाही, आणि अंध वाचकासाठी मोठ्याने वाचणारी आज्ञावली तो वाचू लागली की अर्थहीन इंग्रजी अक्षरे कानी पडतात. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाची तबकडी मजकडे आली होती. अंकाची छापील प्रत सुरेख होती. तबकडीवर मराठीचा एकही शब्द नव्हता.

ह्यावर उतारा म्हणजे युनिकोड. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कोणाशीही न वाटलेला क्रमांक देणाऱ्या ह्या व्यवस्थेची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्की ह्या भारतीय प्रमाणावर आधारलेली आहे. घरोघरच्या संगणकात ती पोहोचली ती पुढे, विंडोज २००० बरोबर आलेल्या मंगल टंकापासून. भाषेच्या अभ्यासकाला तिच्यातील एक गोष्ट विशेष रुचावी. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि 'क' मागून. उच्चारात मात्र 'क्' आधी आणि 'इ' नंतर. जुने टंक टंकलेखन-यंत्राप्रमाणे डोळ्याच्या क्रमाने जात, तर युनिकोड जिभेच्या क्रमाने जाते. पाणिनीच्या देशात हे आधीच व्हावयास हवे होते, असे वाटल्याशिवाय राहत नाही. सगळेच काही पहिल्या दिवशी साधले नाही. 'ॲ' ह्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावे लागले.

सीमाभागातील शाळेला ह्या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे. भारतीय लिप्यांचे गट इस्कीच्या एकाच साच्यातून निघाल्यामुळे देवनागरीच्या गटात 'क' ज्या घरात आहे, कन्नडच्या गटात कन्नड 'क' त्याच क्रमाच्या घरात आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावरही तसेच: ज्या कळीने मराठी 'क' उमटतो, तीच कळ कन्नड निवडले असता कन्नड 'क' देते. ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' अशी चार-दोन अक्षरे तेवढी नव्याने शिकावी लागतात. बेळगावच्या मराठी शाळेतील जो मुलगा इनस्क्रिप्टवर मराठी शिकला, त्याच्या बोटांना कन्नड आपोआप येते. भाषिक प्रश्नाचा निवाडा कळफलकावर होत नसतो, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून ह्या भागाने काय सोसले हे ह्या वाचकवर्गाला मी सांगावयास नको. पण दोन लिप्यांत वावरणाऱ्या मुलांचे कष्ट जेथे कमी होतात, तेथे ते करून घ्यावेत. कन्नडचे गुरुजी आपला मजकूर देतील तो कदाचित जुन्या नुडी टंकातील असेल. कन्नडनेही आपल्यासारखेच वेष घेतले होते. तोही आधी युनिकोडात आणावा लागेल.

आता प्रत्यक्ष पान. नव्या मजकुराची अडचण नाही. भ्रमणध्वनीवर लिहिलेले मराठी युनिकोडच असते. जुन्या मजकुराची परीक्षा सोपी आहे: एक शब्द निवडून त्याचा टंक बदलून पाहावा. मराठी टिकली तर मजकूर खरा, रोमन अक्षरे झाली तर सोंग. परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु त्यांनी दिलेला मजकूर मुद्रितशोधनावाचून वापरू नये. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे येथे त्या हमखास अडखळतात. सातवी-आठवीच्या मुलांना हे शोधन करावयास द्यावे. शुद्धलेखनाचा इतका जिवंत तास दुसरा मिळणार नाही.

संगणकावर एक फोल्डर करावे आणि पान व चित्रे त्यातच ठेवावीत. चित्र दुसरीकडून उचलले तर साधन त्या संगणकाचा पत्ता पानात लिहून ठेवण्याचा संभव असतो. मग शिक्षकांच्या यंत्रावर चित्र दिसते आणि इतरत्र रिकामी चौकट. पहिल्या पानाच्या फाईलचे नाव 'इंडेक्स' असे, रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावे, कारण पाने पुरविणारा संगणक प्रथम तेच नाव शोधतो. शीर्षक ठळक करून आणि आकार वाढवून बनवू नये. साधनातील 'शीर्षक' ही शैली निवडावी. दिसावयास दोन्ही सारखेच, पण पहिल्यात ते शीर्षक आहे हे केवळ डोळ्याला कळते. प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन जोडावे. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र लहान करून घ्यावे, नाहीतर खेड्यातील पालकाचा दिवसाचा डेटा एका स्नेहसंमेलनातच संपावयाचा.

मजकुराची भाषा कोणती तेही सांगावे लागते. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा 'मराठी' अशी ठरविता येते आणि ती खूण पानात उतरते. कन्नड परिच्छेदाला कन्नडची खूण. ही खूण असली म्हणजे वाचून दाखविणारी आज्ञावली योग्य आवाज निवडू शकते. आणि काही टंक मराठीची खूण पाहून 'ल' व 'श' ह्यांची मराठी वळणे देतात, एरवी हिंदी वळणे येतात. टंक एक, फार तर दोन वापरावेत. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा बालू हा मोफत टंक देवनागरीत आहे आणि त्याचाच भाऊबंद कन्नडमध्ये बालू तम्मा ह्या नावाने आहे. शीर्षकांना ही जोडी शोभते.

पानात काय असावे? सूचना, वेळापत्रक, गृहपाठ हे असावेच. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करावा, ते मुलांनी गोळा केलेले शब्द होत. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कानडीतून आले, हे व्याकरणाची पुस्तके सांगतात. जे शब्द पुस्तकापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत, त्यांचे काय? निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी काम केले. १९८१ साली तेथील तंबाखू-उत्पादकांनी शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले, तेव्हा निपाणीचे नाव देशभर गेले. पानाची प्रत, तिची निवड, वखारीतील कामे, हत्यारे, मापे ह्यांना त्या स्त्रिया काय म्हणत, ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, मग ते पुस्तक बंगळुरूचे असो वा पुण्याचे. ते शब्द मी येथे देत नाही. मुलांनी ते आजीला विचारून आणावेत, आणि शब्द, अर्थ, सांगणारीचे गाव, एवढे लिहावे. उच्चार जसा ऐकला तसा लिहावा, शिक्षकांनी तो 'सुधारू' नये. सोंगाच्या टंकात हे शब्द लिहिले तर ते लिहिले नाहीत असेच समजावे: बर्लिनचा वा धारवाडचा अभ्यासक उद्या शोधू गेला तर त्याला तेथे काहीच सापडणार नाही.

मुलांची छायाचित्रे व पूर्ण नावे एकत्र देऊ नयेत, आणि पालकांची लेखी संमती घेऊनच काय ते द्यावे. २०२३ चा विदा-संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो. 'सातवीतील एक विद्यार्थिनी' एवढी सही पुरते.

वर्षअखेरीस फोल्डरच्या दोन प्रती कराव्यात, एक शाळेच्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर. पान कागदावर छापून त्याची शिवलेली प्रत ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत क्रमांक घालून ठेवावी, आणि पेनड्राइव्हलाही तोच क्रमांक द्यावा.